‘देवाने का केले?’ आणि ‘तू का केलेस?’

भांडुपच्या एका भगिनीने विचारले आहे: त्यांच्या घरगुती अभ्यासगटात सध्या शमुवेलाचे पहिले पुस्तक क्रमाने वाचले जात आहे. पंधराव्या अध्यायात इस्राएलाचा राजा शौल याला अमालेकी या शत्रूजमातीचा समूळ नाश करण्याची, पुरुष, स्त्रिया, मुले आणि तान्ही बाळे यांपैकी कोणालाही न सोडण्याची आज्ञा येते. तिथे त्यांना पुढे वाचवेना. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा डेंग्यूने गेला आहे. ‘देवाने लहान मुलांना मारायला का सांगितले?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा गट चालवणाऱ्या बंधूंनी ‘देवाला जाब विचारायचा नसतो, विश्वास कमी पडला की असे प्रश्न येतात,’ असे सांगून पुढचा अध्याय उघडला. भगिनींचा प्रश्न असा आहे की देवाला असे विचारणे पाप आहे काय, आणि नसेल, तर असे उतारे वाचायचे तरी कसे.

भगिनी, सप्रेम सलाम. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचे तुम्ही निर्धास्तपणे वाचाल. असे विचारणे पाप नाही. भायखळ्याला दर गुरुवारी संध्याकाळी मी गेली सव्वीस वर्षे पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग घेते. या काळात वर्ग सोडून गेलेल्यांची मला आठवण आहे. त्यांतल्या बहुतेकांनी जाण्यापूर्वी कितीतरी महिने एकही प्रश्न विचारलेला नव्हता. ते मान डोलवत असत, शेवटची प्रार्थना झाली की चहा घेत असत, आणि मग एके दिवशी आले नाहीत. म्हणून जी व्यक्ती वर्गात रडून ‘का?’ असे विचारते, तिच्या विश्वासाची मला काळजी वाटत नाही.

मात्र मला तुमच्या प्रश्नात एक गोष्ट बदलून पाहायची आहे. तुम्ही विचारलेत, ‘देवाने का सांगितले?’ हा प्रश्न तुम्ही गटाला विचारलात, त्या बंधूंना विचारलात, आता मला विचारत आहात. तो अजून ज्याचा आहे त्याला विचारला गेला आहे की नाही, हे मला कळलेले नाही. वाक्य थोडेसेच बदलायचे आहे: ‘तू का सांगितलेस?’ मराठीत आपण वडीलधाऱ्यांना अहोजाहो करतो आणि आईला व देवाला ‘तू’ म्हणतो. त्या ‘तू’मध्ये जी जवळीक आहे, तिच्यात राहूनच हा प्रश्न विचारायचा आहे. ‘त्याने का केले’ हा प्रश्न देवाच्या पाठीमागे चालतो, ‘तू का केलेस’ हा त्याच्या समोर बसून विचारला जातो, आणि शब्द तितकेच कठोर राहिले तरी दुसऱ्या प्रश्नाला प्रार्थना म्हणतात.

हे मी ईयोबाच्या, म्हणजे कारण न कळता सर्वस्व गमावलेल्या एका नीतिमान माणसाच्या, पुस्तकातून शिकले. ईयोबाचे तीन मित्र देवाविषयी अतिशय शुद्ध, सुरेल आणि पाठ करण्याजोगे बोलतात. त्यांची कितीतरी वाक्ये आपण आजही भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापू शकू. पण संपूर्ण पुस्तकात ते एकदाही देवाशी बोलत नाहीत. ईयोब मात्र मित्रांशी बोलता बोलता, वाक्य तोडून, देवाकडे वळतो. सातव्या अध्यायात हे घडते, दहाव्यात घडते, तेराव्या आणि चौदाव्यात पुन्हा घडते. त्याचे बोलणे तिखट आहे, काही ठिकाणी तर चुकीचेही आहे, आणि अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर त्याला ज्ञानहीन शब्दांनी योजनेवर अंधार पाडणारा असे म्हणून सुनावतोही. तरीही शेवटी, 42:7 मध्ये, परमेश्वराचा राग कोणावर आहे? अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर. माझा सेवक ईयोब जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्यांना म्हणतो. इथे इब्री भाषेत जो शब्द आहे, ‘एलाय’, त्याचा नेहमीचा अर्थ ‘माझ्याशी’ असा होतो. बहुतेक भाषांतरे त्याचा अर्थ ‘माझ्याविषयी’ असा घेतात आणि संदर्भाने तो अर्थ बसतोही. पण मी वर्गात दोन्ही अर्थ वाचून दाखवते, कारण दोन्ही अर्थांनी ते वचन त्या मित्रांना लागू पडते. आणखी एक गोष्ट पाहा. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडले, हे वाचकाला ठाऊक आहे, ईयोबाला शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. त्याला ‘का’चे उत्तर मिळालेच नाही. त्याला देव भेटला, आणि देवच सत्तर प्रश्न घेऊन आला असावा असे अडतीस ते एकेचाळीस हे अध्याय वाचताना वाटते.

देवाला ‘तू’ म्हणून भांडणे ही आपल्या मातीला नवी गोष्ट नाही. जनाबाईने आणि तुकोबांनी विठ्ठलाशी किती हक्काने भांडण केले आहे, हे शाळेच्या पुस्तकांतूनही आपल्याला माहीत असते. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत. त्या पुलावरून येताना त्यांनी हा हक्कही बरोबर आणला, असे मला वाटते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर लगेच त्यांनी आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डीन यांना, त्रैक्यापासून, म्हणजे एकाच देवात तीन व्यक्ती या शिकवणीपासून, चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक गोष्टींवर प्रश्न विचारणारी पत्रे लिहायला सुरुवात केली. समोरून कधी समजूत आली, कधी नाराजी आली, पण त्या विचारत राहिल्या. ज्या बाईला ‘आधी मान्य करा, मग विचारा’ हे पटले नाही, तीच पुढे इब्री आणि ग्रीक शिकून केडगावला बसून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम करत राहिली आणि 1922 मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, तिने ते पुरे केले. प्रश्नांनी तिला वचनापासून दूर नेले नाही, एवढे तर या आयुष्यावरून म्हणता येते.

आता तुमचा उतारा. मी तो टाळणार नाही, आणि तो सोपा करून सांगण्याचा प्रयत्नही करणार नाही.

सर्वांत आधी पेन्सिल घेऊन तो अध्याय दोनदा मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या भाषांतरांत. पहिल्या वाचनात फक्त दचकायचे आहे. जिथे दचकलात तिथे समासात खूण करा आणि पुढे जा. दुसऱ्या वाचनात अध्याय स्वतः कोठे दचकतो ते पाहा. या अध्यायात अशा जागा आहेत. शौल ही आज्ञा पुरती पाळत नाही, तेव्हा अकराव्या वचनात त्याला राजा केल्याचा आपल्याला पस्तावा होतो असे परमेश्वर म्हणतो. एकोणतिसाव्या वचनात संदेष्टा शमुवेल म्हणतो की पस्तावा करायला देव मनुष्य नाही. आणि शेवटच्या, पस्तिसाव्या वचनात पुन्हा परमेश्वराला पस्तावा झाल्याचे लिहिले आहे. तिन्ही ठिकाणी इब्री क्रियापद एकच आहे. ज्याने हा अध्याय लिहून ठेवला त्याला ही विसंगती दिसली नसेल, असे मला वाटत नाही. त्याने ती तशीच ठेवली आहे.

मग पुन्हा अकराव्या वचनाकडे या. परमेश्वराचे बोलणे ऐकून शमुवेलाला संताप आला आणि तो रात्रभर त्याच्यापुढे आक्रोश करत राहिला. मी हा अध्याय किती वर्षे शिकवला, पण हे वाक्य माझ्या डोळ्यांपुढून निसटत होते, कारण आमच्याकडे या अध्यायावर प्रवचन झाले की ते नेहमी बावीसाव्या वचनावर, यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे या वचनावर होत असे. मला प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की शमुवेलाचा आक्रोश शौल नाकारला गेल्याबद्दल आहे, अमालेक्यांच्या बाळांबद्दल नाही, आणि अमालेक्यांचा राजा अगाग याला शेवटी त्यानेच मारले. तरीही तुमच्या गटातील बंधूंनी जो अध्याय बंद करून पुढचा उघडला, त्याच अध्यायात संदेष्टा रात्रभर देवाशी झगडत बसला आहे. ‘देवाला जाब विचारायचा नसतो’ हे त्या रात्रीला लागू करून पाहावे.

यानंतर अभ्यासाचे काम येते, आणि ते कष्टाचे आहे. अमालेक हे नाव इथे पहिल्यांदा येत नाही. निर्गमच्या सतराव्या अध्यायात ते इस्राएलावर चालून येतात, आणि अनुवाद या नावाच्या पुस्तकात, 25:17-18 मध्ये, त्यांनी काय केले ते सांगितले आहे: वाटचालीत थकून मागे राहिलेल्या दुर्बळांना त्यांनी कापून काढले. म्हणजे या वैराच्या मुळाशीही अशक्त माणसांचे रक्त आहे. हे समजून घेतले की आज्ञा सोपी होत नाही, परंतु ती हवेतून आलेली नाही एवढे कळते. पुढे, ‘समूळ नाश’ याला इब्रीत जो ‘हेरेम’ शब्द आहे तो एकट्या इस्राएलाचा नव्हता. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख 1868 मध्ये सापडला, आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा इस्राएलाकडून घेतलेल्या नबो नगराविषयी अगदी याच धातूचा शब्द वापरून सांगतो की मी ते आपल्या दैवताला वाहिले आणि तिथल्या सर्वांना मारले. इस्राएल कायमचे नष्ट झाले, असेही तो म्हणतो. इस्राएल अर्थातच नष्ट झाले नव्हते. त्या काळी विजयाचे वर्णन या भाषेत होत असे. आता शमुवेलाच्या पुस्तकातच पुढे वाचा. 15:8 म्हणते की सर्व लोकांचा संहार झाला, पण 27:8 मध्ये दावीद अमालेक्यांवर छापे घालतो, तिसाव्या अध्यायात तेच अमालेकी त्याचे सिकलाग नगर जाळून बायकामुले पळवून नेतात, आणि 1 इतिहास 4:43 मध्ये त्यांच्यातले उरलेले लोक पुन्हा भेटतात. यावरून अनेक अभ्यासक म्हणतात की ‘एकही उरला नाही’ ही रणभाषा आहे, शिरगणती नव्हे. दुसरे काही म्हणतात की हा एका विशिष्ट काळापुरता देवाचा न्याय होता आणि त्याची नक्कल करण्याचा अधिकार पुढे कोणालाही नाही. आणखी काही म्हणतात की इस्राएलाने देवाची वाणी आपल्या युगाच्या कानांनी ऐकली, आणि पिता कसा आहे हे पूर्णपणे दिसले ते बालकांना माझ्याकडे येऊ द्या असे म्हणणाऱ्या येशूमध्येच.

मी माझे मत लपवत नाही. पहिल्या म्हणण्याला ग्रंथातूनच आधार मिळतो म्हणून मी ते धरते, आणि तिसऱ्यातले शेवटचे वाक्य माझ्या विश्वासाचा कणा आहे. पण या तिन्हींपैकी कशानेही माझा प्रश्न संपलेला नाही. रणभाषा असली तरी त्या आज्ञेत ‘तान्ही बाळे’ हे शब्द आहेतच. एक जरी बाळ असले तरी प्रश्न उरतोच. म्हणून या अध्यायापाशी माझ्या वहीत आजही ‘तू’ने सुरू होणारे एक वाक्य आहे, आणि दर वेळी तिथे आल्यावर मी ते देवाला पुन्हा वाचून दाखवते.

अशा सगळ्याच जागा इतक्या अवघड नसतात, हेही सांगायला हवे. काही ठिकाणी प्रश्न खरा असतो पण नीट मोजून वाचल्यावर तो बदलतो. मिसरचा राजा फारो याचे मन देवाने कठीण केले, मग फारोचा दोष काय, हा आमच्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी येणारा प्रश्न आहे. मी फळ्यावर फक्त वचने लिहून देते. परमेश्वराने तसे होईल हे आधी सांगून ठेवले आहे, पण पीडा सुरू झाल्यावर निर्गम 8:15 आणि 8:32 मध्ये फारो स्वतःच आपले मन कठीण करतो, आणि ‘परमेश्वराने फारोचे मन कठीण केले’ असे वाक्य प्रथम येते ते 9:12 मध्ये, सहाव्या पीडेनंतर. हे मोजल्यावर लोक गप्प होतात आणि मग अधिक चांगला प्रश्न विचारतात: माणूस स्वतःहून किती वेळा नकार देतो तेव्हा तो नकारच त्याचा स्वभाव होतो? शास्त्यांच्या पुस्तकाचेही थोडेसे असेच आहे. बापाच्या नवसापायी बळी गेलेली इफ्ताहाची लेक किंवा एकोणिसाव्या अध्यायातील अत्याचाराने मेलेली ती उपपत्नी यांच्याविषयी वाचून लोक विचारतात की देवाला हे चालले कसे. चालले असे पुस्तक कुठेच म्हणत नाही. त्या दिवसांत राजा नव्हता आणि जो तो आपल्याला बरे दिसेल ते करी, हे शेवटचे वाक्य त्या सगळ्यावरचा अभिप्राय आहे.

आता, प्रश्न बंद करण्यासाठी जी वचने वापरली जातात त्यांच्याविषयी थोडे कडक बोलणार आहे, कारण माझ्या मते इथे वचनाचाच दुरुपयोग होतो. ‘माझ्या कल्पना तुमच्या कल्पना नव्हेत’ हे यशया 55:8 तुम्हाला कोणीतरी नक्की ऐकवले असेल. त्याच्या लगेच आधीचे, सातवे वचन वाचा. तिथे दुष्टाने आपला मार्ग सोडून परत यावे, म्हणजे देव त्याला भरपूर क्षमा करील, असे म्हटले आहे. आपल्या कल्पनांपेक्षा उंच असलेली देवाची कल्पना ही त्या ठिकाणी त्याची दया आहे. रडणाऱ्या बाईचे तोंड मिटवण्यासाठी ते वचन लिहिलेले नाही. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायातील ‘हे मानवा, देवाला उलट बोलणारा तू कोण?’ हेही असेच वापरले जाते. तो अध्याय पौल कसा सुरू करतो? आपल्या अंतःकरणात मोठा खेद आणि अखंड वेदना आहे असे सांगून. नऊ ते अकरा हे तीन अध्याय त्याने त्या वेदनेतूनच लिहिले आहेत.

पण तुमच्या बंधूंची भीती अगदी निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. शास्त्रात प्रश्नाबद्दल शिक्षा झाल्याचे दिसते. लूकच्या पहिल्याच अध्यायात म्हातारपणी मुलगा होईल असे ऐकून जखऱ्या देवदूताला विचारतो की हे मला कशावरून कळेल, आणि मुका होतो. येशूच्या जन्माचा निरोप ऐकून मरीया विचारते की हे कसे होईल, आणि तिला उत्तर मिळते. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून पाहिली की जखऱ्या पुरावा मागतो आहे आणि मरीया वाट विचारते आहे, असे मला दिसते. सव्वीस वर्षांत मी एकच कसोटी स्वतःसाठी ठेवली आहे: उत्तर आले आणि ते मला गैरसोयीचे असले, तर मी ते ऐकून घेणार आहे काय? परूश्यांनी येशूकडे चिन्ह मागितले तेव्हा त्यांची ती तयारी नव्हती. तुमची आहे, नाहीतर तुम्ही इतके रडला नसता. आणि जखऱ्याची शिक्षासुद्धा मर्यादित होती, हेही आम्ही विसरतो: त्याचे वचन मागे घेतले गेले नाही, मुलगा झाला, आणि त्याची वाचा परत आली ती स्तुती करतच.

आमच्या वर्गात गिरणीतले एक काका येत असत. साळखात्यात ते कामाला होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडलीच नाही. ते वर्गात आले ते कितीतरी वर्षांनी, पण बायबल त्या दिवसांचेच होते: काळे रेक्झिनचे कव्हर, कोपरे झिजून पुठ्ठा बाहेर आलेला. हबक्कूक काढला तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले होते. पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनाशेजारी, जिथे संदेष्टा ‘हे परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू’ असे विचारतो, तिथे समासात पेन्सिलीने तारखा घातलेल्या होत्या. एकाखाली एक, सगळ्या 82 आणि 83 मधल्या, काही पुसट होऊन वाचता न येणाऱ्या. दुसरे काहीही लिहिलेले नव्हते.

हबक्कूक फक्त तीन अध्यायांचा आहे. त्याचा पहिला प्रश्न असतो की अन्याय दिसत असताना तू गप्प का. त्याला उत्तर मिळते की मी खास्द्यांना, म्हणजे बाबेलच्या लोकांना, उठवत आहे. या उत्तराने त्याचे समाधान होत नाही, उलट त्याचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा तिखट असतो: इतके शुद्ध डोळे असलेला तू, आमच्यापेक्षा दुष्ट असलेल्यांना आम्हांला गिळताना पाहतोस कसा? हे विचारून झाल्यावर तो पहाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो, उत्तर काय येते ते पाहायला. नीतिमान विश्वासाने जगेल हे वचन, जे पुढे पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस पत्रात उचलले, ते या पहाऱ्यावर मिळालेले आहे. एका असमाधानी माणसाच्या दुसऱ्या प्रश्नाचे ते उत्तर आहे.

आणि मग तिसऱ्या अध्यायाचा शेवट. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, असे सतरावे वचन आहे, आणि तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असे अठरावे. आम्ही ओळीने एकेक वचन वाचतो. त्या दिवशी सतरावे काकांच्या वाट्याला आले. ते त्यांनी सावकाश, जवळजवळ पाठ असल्यासारखे वाचले, आणि मग पुढचे वाचण्यासाठी बायबल शेजारच्या मुलीपुढे सरकवले. पुढे दर वेळी त्यांनी असेच केले. एकदा मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘ते अजून माझ्या तोंडी आलेलं नाही. आलं की वाचीन.’ वर्गातल्या एका बाईंना हे आवडले नाही. मला मात्र असे वाटले की देवासमोर खोटे न बोलण्याची इतकी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बऱ्याच वर्षांनी एका गुरुवारी त्यांनी दोन्ही वचने वाचली. का, ते मी विचारले नाही.

आता तुमच्याविषयी, आणि हे सर्वांत महत्त्वाचे आहे. तुम्ही नकळत दोन प्रश्न एकत्र बांधले आहेत: अमालेक्यांची बाळे आणि तुमचा भाचा. असे होणे साहजिक आहे, पण हे दोन प्रश्न वेगळे करा, आणि दुसऱ्या कोणालाही ते एकत्र बांधू देऊ नका. शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात तुमच्या भाच्याच्या मृत्यूचे कारण नाही. त्या घरात काही पाप होते काय, देवाला काही शिकवायचे होते काय, असे कोणी सुचवले तर योहानाचा नववा अध्याय उघडा. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी, आणि येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयीही, ते इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, एवढे त्याने स्पष्ट सांगितले. ते का मेले, हे त्याने सांगितले नाही.

तुमच्या बहिणीला इतक्यात कोणतेही वचन समजावून सांगू नका. तिने विचारलेच, तर मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांच्या ठिकाणी राहेलीचा विलाप आहे तो तिला दाखवा. ती आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि सांत्वन घेत नाही, असे तिथे लिहिले आहे. सुवार्तेच्या सुरुवातीलाच, येशूच्या जन्मकथेला लागून, सांत्वन नाकारणाऱ्या आईला जागा दिलेली आहे आणि तिला कोणी गप्प केलेले नाही. लाजराच्या घरीही तसेच. ‘प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता,’ हे वाक्य मार्थाने म्हटले आणि मरीयेनेही तेच म्हटले. त्यात प्रेम आहे आणि तक्रारही आहे, कारण निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला होता. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीयेपाशी तो रडला. कोणाला काय द्यायचे हे त्याला कळत होते, आम्हां शिकवणाऱ्यांना ते नेहमी कळत नाही.

तुम्ही लिहिले आहे की घर दहा बाय बाराचे आहे आणि माणसे पाच, त्यामुळे मोठ्याने प्रार्थना करता येत नाही. मुंबईत आपल्यापैकी बहुतेकांचे हेच आहे. म्हणून मी वही वापरायला सांगते. साधी शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर उतारा आणि त्यात काय दिसले ते: कोण बोलतो, कोणाला, आधी काय झाले, कोणता शब्द पुन्हा आला. उजव्या पानावर फक्त ‘तू’ची वाक्ये. दोन्ही पाने एकमेकांत मिसळू देऊ नका. डावे पान नसेल तर उजवे नुसत्या तक्रारीत वाहून जाते, आणि उजवे नसेल तर डावे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखे होते. मला डावे पान टेबलापाशी लिहायला जमते आणि उजवे गाडीत, बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली तर, कारण तिथे डोळे पुसले तरी कोणी विचारत नाही. उत्तर सुचले नाही तर जागा कोरी ठेवा. ती भरण्यासाठी उसने वाक्य आणू नका.

गट सोडू नका, असे मी सुचवीन. त्या बंधूंना एकटे गाठून, चारचौघांत नव्हे, 15:11 दाखवा आणि विचारा, ‘भाऊ, शमुवेल रात्रभर काय म्हणत असेल?’ बहुधा त्यांनीही ते वाक्य कधी थांबून वाचलेले नसेल. ज्यांना उत्तर येत नाही तेच बहुतेक वेळा घाईने पान उलटतात. मीही पूर्वी उलटले आहे, एका तरुण विधवेसमोर, आणि ती पुन्हा आली नाही.

आणि पंधरावा अध्याय काही दिवस तसाच राहू द्या. आज रात्री स्तोत्र 13 घ्या. ते फक्त सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘किती वेळ’ चार वेळा येते, तिसऱ्या-चौथ्यात मागणे आहे, आणि पाचव्यापासून भरवशाचे शब्द सुरू होतात. ते तुमच्या तोंडी आले तर सहाव्यापर्यंत वाचा. नाही आले, तर चौथ्यावर थांबा आणि समासात आजची तारीख घाला.